घराचं तोंड कोणीकडे

आमच्या घरगाडीची पहिली सहल वर्ध्याहून फार लांब नव्हती. सेलूच्या पुढे, बोर धरणाच्या रस्त्यावर, एका तलावाच्या काठी एका शेतकऱ्याने आपल्या वावराचा तुकडा मुक्कामाला येणाऱ्यांसाठी मोकळा सोडला होता. नळ होता, विजेचा खांब होता, एका बाजूला नवीन बांधलेले संडास-बाथरूम होते. संक्रांत होऊन गेली होती. शेजारच्या वावरात हरभरा घाट्यांवर आला होता आणि वाऱ्याला त्याचा तो आंबूस वास येत होता.

गाडी मूळची एका शाळेची मिनीबस. आधी हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मागोमाग मी शाळेतून मोकळी झाले, आणि एक दिवस ह्यांनी ती बस दारात आणून उभी केली. मी ह्यांच्याशी बोलणंच सोडलं. जन्म शाळेत काढल्यावर पुन्हा शाळेचीच बस! पण नागपूरच्या एका मिस्त्रीने आतल्या सीटा काढून मागे आडवा पलंग बसवला, डाव्या बाजूला दाराला लागून ओटा केला आणि ओट्यावर चांगली रुंद, सरकती खिडकी ठेवली. ती खिडकी पाहिली आणि माझा रुसवा गेला.

त्याला कारण होतं. लग्न होऊन आले ती ह्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडच्या क्वार्टरची भिंत दिसायची. पुढे स्वतःचं घर बांधलं, पण प्लॉट अरुंद. खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत, तीही बिनरंगाची. तक्रार अशी कधी केली नाही. सगळ्यांच्याच घरी तसं असतं. तरी पोळ्या लाटताना मान वर केली की समोर सिमेंटच.

सहलीला आमच्यासोबत आष्टीच्या ताई होत्या. ह्यांच्या मोठ्या बहीण, माझ्या नणंद. सत्तरीच्या पुढे गेल्या तरी आवाज असा की वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जावा. "घरातच बसायचं होतं तं मंग फिराले कायले नेता?" असं म्हणत म्हणत त्या सगळ्यात आधी गाडीत चढून बसल्या होत्या, सोबत तीळगुळाचा डबा आणि स्वतःची उशी.

वावराच्या मालकाने हात हलवून आम्हाला आत घेतलं. "कुठंई लावा जी. पूर्ण वावर मोकळंच आहे," तो म्हणाला आणि आपल्या कामाला निघून गेला.

कुठंही लावा म्हटल्यावरच पंचाईत झाली.

ह्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्यातलं होकायंत्र लावलं आणि वावरात गोल गोल फिरले. "दार पूर्वेले पाहिजे," ह्यांनी निर्णय दिला. "सकाळचं ऊन सरळ घरात." तलाव दक्षिणेला होता. दार पूर्वेला यायचं तर गाडीचं नाक तलावाकडे करावं लागत होतं. ह्यांनी तसं केलं, इंजिन बंद केलं आणि समोरच्या काचेतून पाणी बघत समाधानाने बसले.

मी चहाला आधण ठेवायला ओट्यापाशी गेले. खिडकी सरकवली.

"अहो," मी हाक मारली, "इथून काय दिसून राह्यलं ते पाहा बरं."

हे आले, वाकले. "संडास," म्हणाले.

"नवीन आहे," मी म्हटलं. "टाइल्स चांगल्या लावल्या."

हे पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसले. या खेपेला गाडीचं नाक पश्चिमेला केलं, म्हणजे दार आणि माझी खिडकी थेट पाण्याकडे. मी खिडकीतून डोकावले आणि अगदी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. पाण्यावर उन्हाचे तुकडे हलत होते, पलीकडे सागाची झाडं, काठावर एक बगळा एका पायावर उभा.

तेवढ्यात मागून ताईंचा आवाज आला. त्या पलंगावर आडव्या होऊन पाहत होत्या.

"भाऊ! काय करून राह्यला रे तू? माहे पाय दक्षिणेले येऊन राह्यले न! यमाकडं पाय करून मी नाई झोपत."

"ताई, एका रातीचा तं प्रश्न आहे," हे म्हणाले.

"त्याले एक रात लय झाली!"

मला इतकं हसू आलं की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. हेही हसले, ताई मात्र हसल्या नाहीत. गाडी पुन्हा सुरू झाली. आता नाक पूर्वेला, ताईंचे पाय उत्तरेला, आणि माझ्या खिडकीसमोर रस्त्याचं कुंपण. एक ट्रॅक्टर कापसाचं बोंदरं, म्हणजे भलं मोठं गाठोडं, लादून गेला, त्याचा धुरळा खिडकीतून आत आला. मी खिडकी लावून घेतली. काही बोलले नाही. आधण उकळायला लागलं होतं, त्यात साखर टाकली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीसेक वर्षांच्या संसारात मी गप्प झाले की ह्यांना ते ऐकू येतं, एवढं मात्र आहे. हे म्हणाले, "गॅस बंद कर. चहा मंग."

"राहू द्या न आता. किती फिरवसान?"

"चाकं लावली कायले मंग घराले?" हे म्हणाले, आणि गाडी फिरली. पाणी पुन्हा माझ्या खिडकीत आलं. बगळा तिथंच होता.

आता ताईंचं काय करायचं? हे म्हणाले, तुम्ही समोरच्या बाकड्यावर झोपा, मी मागं जातो. ताई म्हणाल्या, मी काय बसस्टँडवर आहे काय? असं चालू असताना ताईंनी आपली उशी काखेत मारली होतीच, ती रागाने पलंगाच्या दुसऱ्या टोकाला फेकली. उशी पडली खिडकीच्या बाजूला. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"डोकं इकडं केलं तं पाय उत्तरेले," ताई सावकाश म्हणाल्या.

"हो."

"मंग काऊन फिरवून राह्यला इतक्या खेपा गाडी?"

यावर ह्यांनी हात जोडले. ताईंना पहिल्यांदा हसू फुटलं, आणि त्या हसल्या की गाडी हलते. वावर पाण्याकडे जरा उतरतं होतं, त्यामुळे आता डोकं खाली आणि पाय वर झाले असते. ह्यांनी मालकाकडून दोन जाड फळ्या आणल्या, डावी चाकं त्यांवर चढवली. मी ओट्यावर वाटीत पाणी भरून ठेवलं. वाटीतलं पाणी सगळीकडून सारखं झालं तेव्हा चहा झाला.

मी सोलेभात टाकायला घेतला. तुरीचे ओले दाणे ताईंनी आष्टीहून सोलून आणले होते. फोडणीत मिरची, लसूण, वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. आणि मान वर केली की पाणी. एकदा भात लागला खाली, तरी मी बघतच राहिले. ताई म्हणाल्या, "जळून राह्यला तुहा भात." मी म्हटलं, "जळू द्या."

ऊन उतरायला आलं आणि मोटरसायकलवर एक जोडपं आलं. हिंगणघाटचं, लग्न होऊन फार दिवस झाले नसावेत. तिच्या हातावर अजून मेंदीचा पुसट रंग होता. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आमच्या दारासमोर, पाणी आणि माझ्या खिडकीच्या बरोबर मधे, आपला निळा तंबू ठोकायला सुरुवात केली.

माझं तोंड उतरलं. एवढा खटाटोप करून हाती काय आलं, तर निळं कापड! हे म्हणाले, "मी सांगतो त्याईले." मी म्हटलं, थांबा, मीच जाते. तीळगुळ सोबत घेतला, म्हणजे बोलणं गोड होईल.

जवळ गेले तर पाहिलं, तंबूचं तोंड पाण्याकडे नव्हतंच. ते आमच्या गाडीकडे होतं.

"काय वं पोरी," मी विचारलं, "इतका सुंदर तलाव सोडून इकडं काऊन तोंड केलं?"

ती लाजली. तिनेच ठरवलं होतं ते. "काकू, तिकडं अंधार पडल्यावर काईच दिसणार नाई न. मले भेव लागते. तुमच्या खिडकीत लाइट दिसला, तुम्ही स्वयंपाक करून राह्यल्या होत्या. म्हटलं, इकडं तोंड असलं तं बरं वाटल."

तिच्या नवऱ्याने नजर खाली केली. त्याला तलावच पाहिजे होता, हे स्पष्ट दिसत होतं.

मी मागे वळून पाहिलं. मी आमची गाडी बाहेरून अशी पाहिलीच नव्हती. पांढऱ्या रंगाखालून कुठे कुठे शाळेचा पिवळा डोकावत होता. खिडकीत पिवळा उजेड, कुकरची वाफ, आणि दारात ताई खुर्ची टाकून बसलेल्या, हरभऱ्याचे घाटे सोलत. जन्मभर मी खिडकीतून काय दिसतं तेच पाहिलं. त्या खिडकीत आपण कशा दिसत असू, हे कधी मनात आलं नव्हतं. आणि कोणाला तरी ते पाहून बरं वाटत होतं.

सांगायला आलेलं मी सांगितलंच नाही. पण हे मागून आलेच होते. त्यांनी नवऱ्यामुलाला बाजूला घेतलं आणि दोघांनी मिळून तंबू जरा सरकवला, आमच्या गाडीच्या नाकाच्या बाजूला. तोंड किंचित तिरपं. आता तिला आमची खिडकी दिसत होती, त्याला अर्धा तलाव, आणि मला सगळाच.

सोलेभात पाचही जणांना पुरला, लागलेल्या खरपुडीसकट. ती खरपुडी नव्या नवरीनेच मागून घेतली. ताईंनी तिला बाजूला बसवून दक्षिणेला पाय करू नये हे समजावून सांगितलं, आणि तंबू कसा लागला आहे ते मोबाइलवर तपासायला नवऱ्याला पिटाळलं. तो बिचारा होकायंत्र घेऊन गोल गोल फिरला. ह्यांना त्याचा मोठा कळवळा आला.

सकाळी कडाक्याची थंडी होती. पाण्यावरून वाफा निघत होत्या. ऊन आलं ते मागच्या बाजूने. दारात अजून गार सावली. ताई शाल गुंडाळून पलंगावर बसल्या होत्या, मी दुधाचं पातेलं नुकतंच उतरवलं होतं, आणि त्या दोघांनाही चहाला आत बोलावलं होतं.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "जरा उन्हाकडं फिरव न घर."

ह्यांनी किल्ली लावली. मी पातेलं दोन्ही हातांनी धरलं. नवी नवरी पलंगाला धरून हसायला लागली, तिचा नवरा कपबशा सांभाळत खाली बसला, डावी चाकं फळ्यांवरून धपकन उतरली, आणि माझ्या खिडकीतून आधी पाणी गेलं, मग साग, मग त्यांचा निळा तंबू, संडासाच्या टाइल्स, हरभऱ्याचं वावर, आणि एकदम अख्खं ऊन ओट्यावर येऊन पडलं.

"थांबा थांबा!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

हे थांबले नाहीत. आणखी एक चक्कर मारून आणली.