टपावरच्या मुगवड्या

आमच्या घरातली एकमेव इज्जतदार वस्तू मी पॉलिश पेपरने घासून संपवली.

ती म्हणजे बाबांची काळी मोटार. मुंबईच्या कुणा बॅरिस्टरकडून घेतलेली, असं बाबा सांगत. नागपूरच्या लकडगंजात ड्रॉइंग मास्तरकडे मोटार म्हणजे केवढी गोष्ट! लोक बाबांना वाकून नमस्कार करत. (म्हणजे मोटारीलाच.) पण त्या वर्षी बाबांना काचबिंदू झाला, गाडी चालवणं बंद झालं आणि ती विकायचं ठरलं. तेव्हापासून बाबा पडवीत आरामखुर्चीत गप्प बसून असत. ताटातलं अर्धं तसंच राही. घरात सुतक असल्यासारखं वाटे.

काटोलचे संत्र्यांचे व्यापारी शेषरावजी गाडी बघायला येणार ठरलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "बॅरिस्टरची गाडी हाय. गेली तं इज्जतीनंच गेली पायजे."

इज्जतीला अडचण होती टपाची. उन्हाळ्यात आईने तापलेल्या टपावर मुगवड्या वाळत घातल्या होत्या, आणि चिकटल्या म्हणून उलथण्याने खरवडून काढल्या होत्या! (वड्या छान झाल्या. जरा रंगाचा वास यायचा.)

शेषरावजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. सकाळीच मी बाह्या सरसावल्या.

"राखेनं घास ना रे," आई म्हणाली, "माह्ये भांडे कसे चमकतात!"

राखेने जुने ओरखडे गेले नाहीत, नवे मात्र आले. मग मी पॉलिश पेपर आणला. दुकानदाराने बजावलं, पाणी लावून हलक्या हातानं घासा. पाणी लावलं. हलका हात आमच्या घराण्यातच नाही!

ओरखडे गेले. त्यांच्यासोबत काळा रंगही गेला आणि खालून पिवळा निघाला. वाटलं, अस्तर असेल. आणखी घासलं. आणखी पिवळा!

"अवो माय! सारा टपच पिवळा हाय का रे?"

खाली काळी, वर पिवळी. अशा मोटारी मी मुंबईला स्टेशनबाहेर रांगेने उभ्या पाहिल्या होत्या. बॅरिस्टर कुठला, ही तर टॅक्सी!

बाबांना कुणीतरी फसवलं होतं, आणि नजर गेल्यावर ते त्यांना माझ्यामुळे कळणार होतं.

"त्याइले सांगू नोको," आई कुजबुजली. "खचून जातीन."

"झाली का रे काळीभोर?" पडवीतून बाबांचा आवाज.

"झाली बाबा! तोंड दिसते तिच्यात!" मी ओरडलो, आणि घरातलं सगळं काळं बूटपॉलिश फडक्याने टपाला फासलं. त्याच फडक्याने तोंडावरचा घामही पुसला.

दुपारी नेमकी उघडीप झाली. उन्हात पॉलिश पाघळलं. शेषरावजींनी टपावर कौतुकाने हात ठेवला, तो काळाकुट्ट होऊन परत आला. टपावर पाचही बोटं पिवळीधम्मक उमटली.

"मास्तर, हे तं टॅक्सी होय जी!"

आईने डोळे मिटले. बाबा उठले, चाचपडत मोटारीपाशी आले आणि टपावरून हात फिरवला. त्यांचा चेहरा बघवेना.

"माहीत हाय," ते म्हणाले. "याची माय माहेरी गेली होती, तवा मीच रंगवली. बॅरिस्टर बी माह्याच मनचा. इतके वर्षं कोनाले समजलं नाही, आन् या पोट्ट्यानं एका सकाळीत..."

शेषरावजी "घरी विचारून सांगतो" म्हणून निघून गेले. आई मात्र बाबांकडे बघतच राहिली. त्या बॅरिस्टरच्या गोष्टी तिने सगळ्या नातेवाइकांना सांगितल्या होत्या.

तेवढ्यात गल्लीत गलका झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे पुतळे निघतात, एक काळी मारबत, एक पिवळी. गावची पीडा त्यांच्यासोबत पाठवायची असते. आमच्या गल्लीतल्या पोरांना दोन्ही रंग एकाच मोटारीवर दिसले! सगळी टोळी फाटकाशी येऊन ओरडू लागली, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!"

कित्येक महिन्यांनी बाबा हसले. टपावर थाप मारून म्हणाले, "पोट्टेहो, गाडी राहू द्या. याले घेऊन जा!"

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड बूटपॉलिशने काळं, हात कोपरापर्यंत पिवळे.

त्यांना कसलीच शंका आली नाही.