खाटेवरून झोळीत

पुण्याहून निघताना आईने विचारले होते, "वाटेत समुद्र लागतो का रे?" समुद्र लागत नव्हता. पण काठी संस्थानाच्या पलीकडे, सातपुड्यात शाळा चालवायला गेलो तेव्हा भाषा, अन्न, देव सगळेच परके निघाले. परदेशी जाण्यासारखेच होते ते.

तिथे वर्षभर मी सेवा केली, म्हणजे मुख्यतः भाषणे केली. त्यातली बरीच वेठीविरुद्ध होती. साहेब आला की त्याचे ओझे एका गावाने आपल्या शिवेपर्यंत वाहायचे, तिथून पुढच्या गावाने उचलायचे, तेही फुकट. हे ओझे उचलू नका, असे मी गावोगाव सांगत फिरलो. माणसे विड्या ओढत बसत. मला वाटे, कोणी ऐकत नाही.

दिवाळीनंतर हिवतापाने धरले. कोयनेल संपले. ताप रोज दुपारी चढे, आणि चौथ्या दिवशी मी माणसे ओळखेनासा झालो. असा आणखी एक ताप मला झेपणार नाही, हे गावाने माझ्याआधी ओळखले. पाचव्या दिवशी पहाटेच डोंगराखालच्या खापर गावच्या डॉक्टरकडे न्यायचे ठरले. मोठ्या माणसाला न्यायची त्यांना ठाऊक असलेली एकच रीत होती. मला खाटेवर घातले, उशाशी माझी टोपी ठेवली, आणि एक गडी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालू लागला. मिरवणुकांची मी आयुष्यभर टिंगल केली होती. ही मात्र मी निमूट सोसली.

शिवेवर खाट खाली टेकली. वाहणारे चौघे दमले होते. घाट अजून पुढेच होता. पुढच्या गावचा म्हातारा चार माणसे घेऊन बसला होता. कोणी उठेना. म्हातारा त्याच्या बोलीत काहीतरी बोलला. आमच्यातला एक गडी कळसाडीकडे कपाशी वेचायला जात असे, त्याला मला कळेल अशी अहिराणी येई. तो खाली वाकला.

"मास्तर, तो म्हने, तूच सांगेल शे, साहेबनं वझं उचलानं नही."

"मी साहेब नाही," मी म्हणालो. दात वाजत होते. ऊन डोक्यावर यायला फार वेळ नव्हता.

म्हाताऱ्याने ट्रंक पाहिली, टोपी पाहिली.

"तो म्हने, मंग खाटवर कसा?"

बाकीचे हसले. माझे भाषण इतके लक्षपूर्वक कोणी ऐकले असेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

"तुमचं माणूस आजारी पडलं तर कसं नेता?"

"झोळीमा."

"मग झोळी करा."

त्यांनी माझी घोंगडी बांबूला बांधली आणि मला तिच्यात गुंडाळले. खाट, टोपी, ट्रंक तिथेच राहिली. म्हातारा उठला आणि पहिला खांदा त्यानेच दिला. पुढे आणखी गावांच्या शिवा आल्या तरी कोणी थांबले नाही. वाटेतल्या शेतांतून माणसे येत, खांदा बदलत. मला घोंगडीच्या फटीतून नुसते पाय दिसत होते, आणि थंडी पुन्हा पाठीत शिरत होती.

खापरला डॉक्टरच्या ओट्याखाली आणखी तीन झोळ्या होत्या. पुढच्या झोळीत एक बाई होती. तिचा श्वास घरघरत होता. कंपाउंडर आमच्याकडे न पाहताच म्हणाला, "डोंगरवाले तिकडे. नंबराने."

मी फार विचार केला, असे म्हणता येणार नाही.

"मी पुण्याचा," मी ओरडलो. "पदवीधर आहे."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

बाईच्या माणसांनी तिची झोळी उचलून बाजूला घेतली, आणि मला आत नेले. सुई टोचली तेव्हा ताप चढू लागला होता.

तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर येऊन बसलो. खाली झोळ्या नव्हत्या. त्या बाईचे काय झाले, हे कंपाउंडरला विचारता आले असते. त्याला मराठी उत्तम येत होती.