जादूघरातला होकार

सरकारला माहीत होतं, बायकोला नव्हतं. उलट असायला हवं होतं हे मलाही कळतं, पण फौजेत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. फॉर्मात रकाना दिसला की खरं लिहायचं. घरी रकाने नसतात.

शिपाई म्हणून भरती झालो आणि मेजर होऊन यवतमाळला परतलो. मधल्या काळात, एका जुन्या छावणीच्या गावी पोस्टिंग असताना, मी फ्रीमेसन झालो. ही पुरुषांची एक जुनी, देशोदेशी पसरलेली संघटना. एकमेकांना बंधू म्हणायचं, दानधर्म करायचा आणि आतले विधी बाहेर बोलायचे नाहीत. त्यांच्या बैठकीच्या जागेला लॉज म्हणतात. त्या गावचे रिक्षावाले तिला जादूघर म्हणायचे आणि अंधार पडला की तिकडची सवारी घ्यायचे नाहीत. आत कसली आलीय जादू! जुन्या खुर्च्या होत्या आणि एक कुरकुरणारा पंखा होता.

मग मी तिथे का गेलो? आमचं घर बौद्ध, ढाणकीजवळच्या खेड्यातलं. फौजेत कुणी जात विचारत नाही म्हणतात, आणि बहुतेक जण विचारतही नाहीत. आडनाव ऐकून क्षणभर गप्प होतात, एवढंच. लॉजमध्ये पहिल्याच दिवशी एका कर्नलसाहेबांनी स्वतःच्या हाताने माझ्या ग्लासात पाणी ओतलं आणि म्हणाले, ‘घ्या, बंधू.’ कोणते कर्नल, ते सांगणार नाही. स्वतःचं सभासदत्व सांगायची मोकळीक असते, दुसऱ्याचं सांगायची नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी परेडवर मी त्यांना कडक सॅल्यूट ठोकला आणि त्यांनी बुटांच्या पॉलिशवरून मला चारचौघांत झापलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला ते फार आवडलं.

पुढे एका नाजूक जागेवर बदली झाली तेव्हा फॉर्म आला. कोणकोणत्या संस्थांचे सभासद आहात? मी लॉजचं नाव लिहिलं. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, “घरी माहीत आहे?” मी म्हणालो, “गरज पडली नाही, सर.” त्यांनी सही केली. विषय संपला, असं मी समजलो.

निवृत्तीनंतरही मी महिन्या-दोन महिन्यांनी नागपूरच्या लॉजला जायचो. बायकोला ‘मीटिंग आहे’ सांगितलं की पुरे. मागच्या वर्षी तिथल्या एका कार्यक्रमाचा फोटो कुणी हौशी माणसाने फेसबुकवर टाकला. काळा सूट, आणि कमरेला पांढरं एप्रन बांधून उभा असलेला मी. तो फोटो फिरत फिरत आमच्या गावच्या विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मेजर साहेब हे काय नेसले?’

बायकोने इंटरनेटवर अर्थ शोधला आणि सकाळी चहा आपटत म्हणाली, “मेसन म्हंजे मिस्त्री. इतके वर्षं तुमी मिस्त्री होते, तं घराचं प्लास्टर बाहेरच्याले काहून देलं?” मी हसलो. ती हसली नाही. तिला फ्रीमेसनचं काही नव्हतं, न सांगितल्याचं होतं, आणि तिचं बरोबर होतं.

दुपारी गावाहून दादाचा फोन आला. “ये. तो फोटोतला कपडा आन.” फोन बंद.

दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. त्याने सातवीतून शाळा सोडली, लोकांच्या वावरात राबला आणि मला शिकवलं. आज तो विहार समितीचा अध्यक्ष आहे. शत्रूच्या गोळ्यांना घाबरलो नाही, पण आर्णी, महागाव मागे पडून उमरखेड जवळ आलं तशी माझी पाचावर धारण बसली.

ओसरीवर त्याने ते एप्रन हातात घेतलं, अंगठ्याने चोळून पाहिलं.

“चामड्याचं हाय?”

“हो. कोकराचं.”

त्याने ते लगेच खाली ठेवलं. आमच्या आज्याने दीक्षा घेतली त्याच आठवड्यात मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं आणि सोलायची सुरी पैनगंगेत फेकली. गावाने त्याला दुसरं काम देणं बंद केलं, तरी तो मागे फिरला नाही. तेव्हापासून आमच्या घरात चामड्याचा पट्टासुद्धा आला नव्हता. दादा आजही रबरी चप्पल घालतो. माझ्या फौजी बुटांना तेवढी त्याने ‘सरकारचे हायेत’ म्हणून माफी दिलेली.

“बापजाद्यांनं हातातून टाकलं,” तो म्हणाला, “अन् तू कमरेले बांधलं.”

एवढी वर्षं ते एप्रन मी कौतुकाने घडी घालून ठेवत होतो आणि ही गोष्ट एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती. मला स्वतःची भयंकर चीड आली. तरी समजावलं. जुन्या काळी पाथरवट दगड घडवताना अंगाला कपच्या लागू नयेत म्हणून असं चामडं बांधायचे, ही त्याची आठवण. दादा ऐकत होता. “म्हंजे मेहनतीचं हाय,” तो जरा निवळून म्हणाला. वहिनीने चहा आणला. मला वाटलं, सुटलो.

“आनखी एक इचारतो,” दादा म्हणाला. “शाळेतल्या गुरुजीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. तिथं आत घ्याच्या आंधी इचारतेत म्हने, ईश्वर मानता काय. तू काय सांगतलं?”

हा प्रश्न आमच्या घरात दीक्षेच्या दिवशीच संपला होता. बावीस प्रतिज्ञा दादाला तोंडपाठ आहेत आणि तो त्या नुसत्या म्हणत नाही, त्याप्रमाणे जगतो. त्याला खरं उत्तर दिलं तर ज्याच्या जिवावर मी शिकलो त्या माणसाच्या मनातून कायमचा उतरणार होतो. मी म्हणालो, “दादा, ते सांगता येत नाही. शपथ हाय.”

ही लोणकढी थाप होती. शपथ विधींची असते, खुणांची असते. स्वतःच्या उत्तरावर कसलंही कुलूप नसतं.

दादाने मान हलवली. “शपथ असन तं मोडू नोको. मोडनारे लय पाह्यले म्या.”

संध्याकाळी विहारात वंदना झाली. त्यानंतर दोघा-तिघांनी फोटोचा विषय काढलाच. मी तोंड उघडायच्या आत दादा उठून उभा राहिला. “त्याची शपथ हाय. कोनी इचारू नका. माह्या भावाले म्या इचारलं, माहं समाधान झालं.” विषय तिथेच मिटला. ती सतरंजीवरची पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्या थापेला माझ्या दादाने त्याची सगळी पत तारण दिली होती.

घरी परतताना हातपंपाजवळ मी त्याचा हात धरला.

“दादा, म्या हो म्हटलं होतं.”

“ईश्वर हाय म्हटलं?”

“हो. शपथ-बिपथ काही नव्हती. तुले खोटं सांगतलं.”

त्याने विचारलं, “अन् मानतो?”

“नाही. कधीच नाही. आत घ्याच्या आंधी लॉजचे तिघं जन माह्या क्वार्टरवर आले, त्याहीनं इचारलं, अन् म्या ‘यस सर’ म्हटलं. मले आत जाचं होतं, दादा. लय जाचं होतं.”

आता शिव्या येतील, म्हणून मी मान खाली घातली.

“मंग प्रतिज्ञा तं नाही मोडली तू,” तो सावकाश म्हणाला. “माह्याशी खोटं बोलला, ते आता सांगून टाकलं. पन ते लोक? ज्याहीनं तुले भाऊ म्हटलं, ते अजून खरंच समजून राह्यले ना?”

इतक्या वर्षांत मी गावाला घाबरलो, समाजाला घाबरलो, दादाला तर घाबरलोच. पण आपण कर्नलसाहेबांना फसवलं, हे एकदाही मनात आलं नव्हतं. विश्वासाने पाणी ओतणाऱ्या त्या माणसाला मी पहिल्याच प्रश्नाला खोटं सांगून त्याच्या शेजारी बसलो होतो.

सकाळी दादाच्या ओसरीवर बसून मी नागपूरच्या सचिवांना पत्र लिहायला घेतलं. त्यांच्या पत्रांची सुरुवात ठरलेली असते: प्रिय महोदय आणि बंधू. ते शब्द नेहमीच्या सवयीने भरभर लिहिले आणि हात थांबला. पुढे लिहायचं थोडंच होतं. प्रवेशाच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर खोटं होतं, खरं उत्तर ‘नाही’ असं आहे, तेव्हा माझं नाव कमी करावं. लिहिता लिहिता मला रडू फुटलं. पासष्टीचा माणूस, ढसाढसा रडलो.

वहिनी घाबरून बाहेर आली. “भाऊजी, रडता कायले? आता तं तुमी ते सोडूनच देऊन राह्यले ना?”

“म्हणून तं रडतो, वहिनी,” मी म्हणालो. “लय चांगले होते ते लोक.”