शेडमध्ये न मावणारं कॅरिअर

धाकटा घर सोडून चाललाय, ही शंका आईच्या डोक्यातून काही केल्या जाईना. वडिलांशी खटका उडाल्यापासून तो एकच सांगत होता, "ताईकडे दोन दिवस जाऊन येतो." पण त्याचं काम वेगळंच बोलत होतं. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाइकाच्या जीपला टपावरचं सामानाचं कॅरिअर करायचं असलं, तरी आधी त्याच्या गॅरेजच्या दाराची उंची मोजून यायचा. आणि स्वतःच्या जीपवर त्याने एवढं उंच कॅरिअर चढवलं होतं, की ती आता घरच्या शेडच्या शटरखालून आत जाणारच नव्हती.

"अरे, परत आल्यावर गाडी ठेवशील कुठे?"

"राहील की बाहेर! आई, तू पोलिसात हवी होतीस."

तो हसला, पण तिच्याकडे न बघता. पानं पडतात म्हणून झाडाखाली घटकाभरही गाडी उभी न करणारा हा पोरगा, आणि म्हणे बाहेर राहील!

तो नट आवळायला टपावर चढला, तशी ती घरात आली. लेकीला आत्ताच फोन करायचा, तिने ठरवलं. भांडणाचं काही बोलायचं नाही. भाऊ खरंच तुझ्याकडे येतोय का, एवढंच विचारायचं.