कृपा शिकवणारा पंडित

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवायला केवढी अक्कल लागते, ते तुम्हीच ठरवा.

इंग्रजी अमलातली गोष्ट. गोंदियाबाहेर, मुर्रीच्या वाटेवर, एका पाद्री साहेबाचा बंगला होता. त्याला मराठी शिकवायला मी जात असे. सोवळा पंडित! त्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा. माझा तांब्या मी घरून नेई, आणि रस्त्यात सगळ्यांना दिसेल असा धरून नेई.

पण तिथल्या अंड्याच्या केकचा वास — काय करावं माणसानं? चहाआधी साहेब डोळे मिटून देवाचे आभार मानी. त्या प्रार्थनेला तो ‘ग्रेस’ म्हणे. केक त्याच्या पाठीमागच्या टेबलावर झाकलेला असे. त्याचे डोळे मिटलेले, माझे उघडे. एके दिवशी केक संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी राखलेला होता; त्याची प्रार्थना लांबली, आणि माझा हातही, पुन्हा पुन्हा. तेवढ्यात स्वयंपाकघराचा पडदा हलला...

संध्याकाळी पाहुण्यांसमोर झाकण उघडलं, तर खाली चुराच उरलेला. पाणी न पिणाऱ्या पंडितावर संशय कसा येणार? तो आला सुकलू खानसाम्यावर.

दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, ग्रेसला तुमच्यात काय म्हणतात? मी खुललो. कृपा सांगितली — तिचं मूळ कळवळण्यात, आणि कृपणही त्याच घरातला. प्रसाद सांगितला — आधी निवळणं, मग देवाचं प्रसन्न होणं, मग हातावरचा खडीसाखरेचा खडा. साहेब म्हणाला, त्यांचा शब्द लॅटिनातला. आधी अर्थ मर्जीचा, आभाराचा, पुढे हक्क नसलेल्याला मिळालेल्या क्षमेचा. मग म्हणाला, “पंडितजी, सुकलूवर कृपा करू काय?”

एक ‘हो’ पुरलं असतं. पण सुकलू राहिला, तर कधीतरी बोलणार. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं, तेही आमगावच्या कडक सोवळ्याच्या माणसांत. मी म्हणालो, “साहेब, चोराला सूट दिली, तर उद्या सगळे नोकर डोक्यावर बसतील.”

सुकलू फाटकाशी भेटला. डोक्यावर बोचकं, मागे बायको, तिच्या कडेवर पोर. ती नवऱ्यावर तडकली होती.

“काऊन बोलत नाही तुमी? पायलं ना डोळ्यानं?”

“गप राय वो. पोरीचं लगन हाये त्यायच्या घरी.” मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “पंडितजी, देवरीकडे जाऊन राहिलो आमी. तिकडे जंगलात काम भेटते म्हणतेत.”

साहेब व्हरांड्यातच उभा होता, हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ. मी तोंड उघडलं. इतके शब्द मुळासकट पाठ असलेला मी — आणि निघालं काय? “सांभाळून जा.”

लग्न थाटात झालं. देवरीच्या रस्त्याला पुढे कितीदा तरी लागलो, आणि दर वेळी गाडी अर्ध्यातून वळवली. सुकलू कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. तो चोर म्हणून गेला. चोर त्याला मीच म्हटलं. आणि साहेब विलायतेला परत जाईपर्यंत मी त्या बंगल्यात मराठी शिकवत राहिलो.