पुलाच्या कडेने

हे मी कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतो आहे तर सरळ सांगायला हवं — पण ते सरळ येत नाही. येईल तसं सांगतो.

मुळा नदीच्या पात्रात आमचं बेट आहे. थोडीशी घरं, आणि राहुरीकडच्या काठाला जोडणारा एक जुना लाकडी पूल. दळण, बाजार, अडलेली बाळंतीण — सगळं त्यावरूनच जायचं. बेटावरचा सुतार मी. लढाईच्या दिवसांत पूल डुगडुगायला लागला तेव्हा काम माझ्याकडेच आलं. वरवर ठोकून बघितलं आणि चावडीवर मोठ्या आवाजात सांगून मोकळा झालो — तुळया दगडासारख्या आहेत, फळ्या तेवढ्या बदलू.

फळ्या उचलल्यावर दिसलं. मधली तुळई दगडी खांबावर टेकते तिथे खालून कुजलेली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली.

तेव्हा सांगता आलं नसतं का? लढाईपायी सागवान मिळत नव्हतं, पावसाळा तोंडावर होता — खरं आहे. पण मी त्यासाठी गप्प बसलो नाही. चावडीवर बोललेलं मागे घ्यायची लाज वाटली. एवढंच. कुजक्या जागी डांबर फासलं, वर नवी फळी ठोकली.

पण मला सांगायचं आहे ते हेही नाही.

आमच्याकडे रीत आहे. पूल दुरुस्त करील त्याने आपलं मूल खांद्यावर घेऊन आधी पलीकडे जायचं. मग बाकीच्यांनी. मी मुलीला खांद्यावर घेतलं. सगळं बेट काठावर उभं. आणि मी चाललो — मधून नाही. कडेने. कडेची तुळई धड होती.

"अवं मिस्तरी, मधनं चाला की!" अब्बास मुलाणी ओरडला. "नव्या नवरीवानी कड धरून काय चाललाय?"

लोक हसले. मीही हसलो.

माझं मूल कुठून न्यायचं हे मला ठाऊक होतं. त्यांनी त्यांची मुलं कुठून न्यावीत, हे मी सांगितलं नाही.

पुढच्याच बाजाराला अब्बास बैलावर शाळूच्या गोण्या लादून निघाला. मधून. तुळई मोडली. नदीला पाणी नव्हतं, खाली खडक होता. बैल बराच वेळ हंबरत राहिला. अब्बासचा आवाज आला नाही.

चावडीवर लोक म्हणाले, मिस्तरी तर पोरीला घेऊन गेला, त्याला काय झालं? वझंच लई झालं असंल.

मग अब्बासच्या घरी गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? त्याची बायको हमीदा इद्दतीत होती — नवरा गेल्यावर परक्या पुरुषासमोर यायचं नसतं ते दिवस — दाराआडूनच बोलली.

"भाऊ, ते नगं म्हनत हुते. वरची गोनी मीच ठिवली. तिच्यामुळंच मोडला का पूल? तुमी मिस्तरी हाय. तुमालाच कळंल."

त्या बैलावर दर बाजाराला तेवढ्याच गोण्या असत. याहून जड ओझी त्या पुलावरून गेलेली मी पाहिली होती. "न्हाई वहिनी" — एवढे दोनच शब्द. जड होते का ते?

मी म्हणालो, "व्हय वहिनी. वझं जास्त झालं."

मग तिने माझ्यासाठी चहा पाठवला. मी तो प्यायलो.

नवी तुळई मीच बसवली. मोडकी कोणी नीट बघायच्या आत घरी आणून फोडली, चुलीत घातली. लाकूड वाळकं होतं. चांगलं जळलं.

हमीदा पुढे पारनेरकडे भावाच्या गावी गेली. तिकडून आलेले सांगतात, ती कोणाच्या डोक्यावर ओझं चढवायला हात लावत नाही. बायका हाका मारतात, ही नुसती उभी राहते.

ते गाव मला माहीत आहे. मी गेलेलो नाही.