बसलिंगप्पाच्या माशांचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा बसलिंगप्पा उदगीरहून आला आणि त्यानं आमच्या शेजारी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. हात सोन्याचा, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. म्हातारपणी त्याला माशांचं खूळ लागलं. काचेच्या पेटीत आफ्रिकेचे मासे. दिवसभर तोंडात वाळू घ्यायची, चाळायची, कल्ल्यातून सोडायची. आमच्या बोअरचं जड पाणी त्यांना मानवलं, पण पाच वर्षांत पिल्लू एक नाही.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात बोअर आटली, आणि तेव्हाच एका मादीनं वाळू चाळणं बंद केलं. अप्पा मला ओढतच घेऊन गेला.

"तोंडात अंडी हायत तिच्या. पिल्लं सुटेपर्यंत, तीन आठवडे, काही खाणार न्हाई."

मी भडकलो. "माणसं टँकरपुढं भांडायलीत, अन् तू माशाचं बाळंतपण काढायलास?"

स्वतःची अंघोळ त्यानं कधीच सोडली होती. वाचलेलं पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवून तो पेटीत घालायचा. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर लई, माशांना ती विषच; ती उडून जावी म्हणून. हे बायकोला, शिवकांतावैनींना, सांगावं की नाही? पण नाही सांगितलं.

शिवकांतावैनी त्या माशांवर रोज तोंडसुख घ्यायच्या. पण घरात ताजं पाणी आलं की शिळं सांडायचं, ही त्यांची जन्माची सवय. अठराव्या दिवशी टँकर आला, अप्पा दुकानात होता. पेटीतलं पाणी अर्ध्यावर आलेलं. वैनींनी आपल्या वाट्याच्या दोन्ही घागरी त्यात ओतल्या.

संध्याकाळी मी गेलो तर सगळे मासे मेलेले. मादी वाळूवर पडली होती, तोंड मिटलेलंच. पेटीला ब्लीचिंगचा वास येत होता.

"उपाशी बाळंतीण ती," वैनी रडत म्हणाल्या. "हे रोज शिळं पाणी घालायचे तिला. मला बघवंना. आज माझं ताजं दिलं, तरी गेली हो."

मी बोलणार, तोच शेजारी उभ्या अप्पानं माझं मनगट दाबलं.

"वय झालं होतं त्यांचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात मात्र तो लेकरासारखा रडला.

वैनी आजही मला सांगतात, "निदान जाताना ताजं पाणी तरी मिळालं त्यांना."

शेजारी बसलेला अप्पा मान डोलावतो. "हाव," म्हणतो.